तुलैतुला: राज्य गेलं, पण गवंडी राहिले

स्पेनमधल्या मुस्लिम इतिहासाचा विषय निघाला की आपल्या घरांत ठरलेली नावं येतात. कुर्तुबाची मशीद, गरनाताचा अल-हमरा, इश्बीलियाचा मनोरा. अल्लामा इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याला गेले, त्यांनी त्या मशिदीवर नज्म लिहिली आणि उर्दू वाचणाऱ्या घराघरात ते नाव पोचलं. तुलैतुला हे नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी असतं. आज या शहराला टोलेडो म्हणतात. माद्रिदच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवर, तिन्ही बाजूंनी ताहो नदीने वेढलेल्या खडकाळ टेकडीवर ते वसलेलं आहे. १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आपण अंदलुसची गोष्ट सांगतो ती बहुतेक वेळा दोन टोकांची असते. सुरुवातीला तारिक बिन झियाद, शेवटी गरनाताच्या किल्ल्या सोपवणारा अबू अब्दुल्लाह. मधे वैभव आणि शेवटी अश्रू. टोलेडो या साच्यात बसत नाही. तिथे मुस्लिम राज्य १०८५ मध्येच संपलं, म्हणजे गरनाता पडण्याच्या चारशे वर्षं आधी. पण त्यानंतर तिथले सामान्य मुसलमान कुठे गेले? बरेच जण कुठेच गेले नाहीत. दुसऱ्याच्या राज्यात, आपल्याच गल्लीत, आपलाच धंदा करत ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आणि गंमत म्हणजे आज टोलेडोत फिरताना पर्यटक ज्या इमारतींकडे बोट दाखवून "हे बघा, मुस्लिम काळातलं" म्हणतात, त्यातल्या बहुतेक इमारती मुस्लिम राज्य गेल्यावर उभ्या राहिल्या आहेत. चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळं, ख्रिस्ती सरदारांच्या वेशी. हे कसं झालं, तेच आज समजून घेऊ.

सव्वीस फुटांची मशीद

सुरुवात मात्र खरोखरच मुस्लिम काळातल्या एका इमारतीपासून करायला हवी. शहराच्या उत्तरेकडच्या चढावर, जुन्या तटाच्या दरवाजाजवळ एक छोटी मशीद आहे. त्या दरवाजाचं नाव बाब अल-मर्दूम, म्हणून मशिदीलाही तेच नाव. आज तिला 'क्रिस्तो दे ला लूस' म्हणतात.

आकाराने ती किती असेल? एक बाजू साधारण आठ मीटर, म्हणजे सव्वीसेक फूट. मोहल्ल्यातली मशीद म्हणावी एवढीच. पण आत गेल्यावर मान वर केली की नजर खिळून राहते. मधोमध चार खांब, त्यामुळे जागेचे नऊ चौकोन झालेले, आणि प्रत्येक चौकोनावर एक छोटा घुमट. या नऊ घुमटांतले कोणतेही दोन सारखे नाहीत. विटांच्या पट्ट्या एकमेकींना छेदत जातात आणि दर ठिकाणी वेगळी आकृती तयार होते. कुठे चांदणी, कुठे चौकोनात चौकोन. मधला घुमट सगळ्यांत उंच. कुर्तुबाच्या मोठ्या मशिदीत खलिफा अल-हकम दुसरा याने मिहराबीसमोर असे पट्ट्यांचे घुमट बांधवले होते. तिथे ते राजाच्या थाटात आहेत. इथे त्याच कल्पनेचे नऊ नमुने कुणीतरी एका लहानशा खोलीत मांडून दाखवले आहेत.

'कुणीतरी' म्हणायचंही खरं तर कारण नाही, कारण नावं लिहून ठेवलेली आहेत. रस्त्याकडच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, कूफी लिपीत एक लेख आहे. तो दगडात कोरलेला नाही, विटांचीच अक्षरं करून रचलेला आहे. त्याचा आशय असा: बिस्मिल्लाहने सुरुवात, मग अहमद इब्न हदीदी याने ही मशीद स्वतःच्या पैशातून, अल्लाहकडून सवाब मिळावा या आशेने बांधली, मूसा इब्न अली हा बांधकाम करणारा आणि सआदा यांच्या देखरेखीखाली ती पूर्ण झाली, महिना मोहरम, हिजरी साल ३९०. म्हणजे इसवी सन ९९९ चा अखेर किंवा १००० ची अगदी सुरुवात.

राजाचं नाव नाही, सुलतानाची स्तुती नाही. पैसे देणारा एक शहरवासी, बांधणारा एक कारागीर, आणि तारीख. आपल्याकडे गावोगावच्या मशिदींवर देणगीदाराच्या नावाची पाटी असतेच, पण गवंड्याचं नाव कुठे असतं? हजार वर्षांपूर्वीच्या तुलैतुल्यात ते लिहिलं गेलं, याची आम्हाला फार अपूर्वाई वाटते.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. आतल्या चार खांबांचे वरचे नक्षीदार भाग मशिदीसाठी घडवलेले नाहीत. ते मुस्लिमांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या व्हिसिगोथ लोकांच्या कुठल्यातरी जुन्या इमारतीतून आणून बसवले आहेत. टोलेडो ही त्या ख्रिस्ती राजांची राजधानी होती. आणि अलीकडच्या उत्खननात मशिदीच्या खाली व आजूबाजूला फरसबंदी केलेला रोमन रस्ता सापडला. म्हणजे इथे कुणीच कोऱ्या जमिनीवर बांधलेलं नाही. आपण 'आपल्या' वास्तूंबद्दल बोलताना हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

पाहुणा राजा आणि मोडलेला करार

१०३१ मध्ये कुर्तुबाची खिलाफत मोडली आणि अंदलुसचे लहान लहान तुकडे झाले. तुलैतुल्यात बनू धुन-नून घराण्याचं राज्य आलं. त्यातला यह्या अल-मामून (१०४३ ते १०७५) हा विद्येचा शौकीन. त्याच्या काळात इथे काझी साईद अल-अंदलुसी होते. त्यांनी १०६८ च्या सुमारास 'तबकात अल-उमम' हा ग्रंथ लिहिला. जगातल्या कोणत्या लोकसमूहांनी ज्ञानाची जोपासना केली याचा तो आढावा. त्यांनी आठ समूह निवडले आणि त्यात पहिलं स्थान कुणाला दिलं असेल? हिंदच्या लोकांना. भारतापासून हजारो मैलांवर बसलेल्या एका काझीने भारतीयांच्या गणिताचा आणि खगोलाचा हा मान राखला, हे आपल्याकडच्या शाळेत कुणी सांगत नाही.

त्याच वर्तुळात अल-झरकाली होता. मूळचा धातूवर कोरीवकाम करणारा कारागीर. उपकरणं बनवता बनवता तो स्वतः खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि पुढे कोपर्निकसनेही त्याचा उल्लेख केला. ताहो नदीकाठी त्याने पाण्याचं एक घड्याळ उभारलं होतं: चंद्र वाढेल तसे हौद भरत, चंद्र उतरेल तसे रिकामे होत. शहर ख्रिस्ती राजाकडे गेल्यावर कधीतरी 'हे चालतं कसं' हे बघायला ते उघडलं गेलं आणि पुन्हा जोडता आलं नाही, असं जुन्या लेखकांनी लिहून ठेवलं आहे.

आता राजकारणाची गोष्ट, थोडक्यात. १०७२ मध्ये लेओनचा राजा अल्फोन्सो सहावा भावाकडून हरला आणि जीव वाचवून अल-मामूनच्या आश्रयाला तुलैतुल्यात आला. काही महिने पाहुणचार घेतला. भाऊ मारला गेला, अल्फोन्सो परत जाऊन पुन्हा राजा झाला. अल-मामूनच्या मागून आलेला नातू अल-कादिर दुबळा निघाला, आपल्याच प्रजेला नकोसा झाला, आणि २५ मे १०८५ रोजी अल्फोन्सोने शहरात प्रवेश केला. लढून जिंकलं म्हणण्यापेक्षा वेढा आणि वाटाघाटीतून मिळवलं.

करार असा होता, की मुसलमानांना घरदार, जमीन-जुमला राखून राहता येईल, आधीच्या राजाला देत होते तोच कर नव्या राजाला द्यायचा, आणि शहराची जामा मशीद त्यांच्याकडेच राहील.

ही शेवटची अट फार काळ टिकली नाही. राजा बाहेरगावी असताना राणी कॉन्स्टन्स आणि फ्रान्सहून आलेला आर्चबिशप बर्नार्ड यांनी रातोरात मशीद ताब्यात घेऊन तिचं चर्च केलं, असं खुद्द ख्रिस्ती बखरकारच सांगतात. राजा ऐकून संतापला. स्वतःचा शब्द मोडला गेला म्हणून तो दोघांना शिक्षा करायला निघाला. पुढे परंपरा असं सांगते, की अबू वलीद नावाचा एक फकीह शहरातल्या मुसलमानांच्या वतीने राजाला सामोरा गेला आणि म्हणाला, त्यांना माफ कर. हिशेब सरळ होता: राणीला आणि बिशपला शिक्षा झाली, तर उद्या सूड आपल्या लोकांवर उगवला जाईल.

मशीद परत मिळाली नाही. १२२६ मध्ये ती पाडून त्या जागी भव्य गॉथिक कॅथेड्रलचं काम सुरू झालं आणि ते १४९३ पर्यंत चाललं. त्या कॅथेड्रलच्या सगळ्यांत पवित्र भागात, मुख्य वेदीच्या बाजूच्या एका खांबावर, याच अबू वलीदचा पुतळा आहे. एका फकीहाचा पुतळा, चर्चमध्ये, मशीद हातची जाऊ दिल्याबद्दल. याकडे कसं बघायचं हे ज्याने त्याने ठरवावं. आम्हाला त्यात कृतज्ञता दिसते तशी सोयही दिसते. मात्र अबू वलीदला भेकड म्हणणारे सोप्या काळात बसून बोलतात, एवढं नक्की. ज्याच्यामागे फौज उरलेली नाही आणि गल्लीत बायका-मुलं आहेत, त्याचं गणित वेगळं असतं.

'राहू दिलेले' लोक

जाणकार, सरदार, श्रीमंत यांच्यातले पुष्कळ जण दक्षिणेला निघून गेले. अल-झरकालीही गेला. जे राहिले त्यांना पुढे 'मुदेजर' हा शब्द पडला. तो अरबी 'मुदज्जन' या शब्दावरून आला आहे. अर्थ दोन निघतात: 'राहू दिलेला' आणि 'पाळीव झालेला'. दुसरा अर्थ बोचतो, आणि तो बोचण्यासाठीच वापरला जात असावा. १८५९ मध्ये होसे आमादोर दे लोस रिओस या स्पॅनिश अभ्यासकाने माद्रिदच्या कला अकादमीतल्या भाषणात हाच शब्द बांधकामाच्या एका शैलीला दिला. तेव्हापासून 'मुदेजर वास्तुकला' म्हटलं की सगळ्या जगाला कळतं. एके काळचा टोमणा आता युनेस्कोच्या कागदावर मानाने लिहिला जातो.

या लोकांच्या स्थानिक संघटनेला स्पॅनिश कागदांत 'अल्जामा' म्हणत. हा शब्द अल-जमाआ, म्हणजेच आपली जमात. आपल्या कोकणात गावोगावी जमात असते, ती मशिदीचं बघते, भांडणं मिटवते, वर्गणी काढते. साधारण तसंच काम. ज्यूंच्या संघटनेलाही तिथे अल्जामाच म्हणत.

बरं, हे लोक करत काय होते? शेतीवाडी, कुंभारकाम, कातडीकाम, आणि बांधकाम. नव्या राज्याला चर्च हवी होती, वाडे हवे होते, तट दुरुस्त करायचे होते. दगड घडवून उंच गॉथिक इमारत बांधायची तर फ्रान्सकडून कसबी लोक आणायला हवेत, वर्षानुवर्षं वाट बघायला हवी, पैसा पाण्यासारखा ओतायला हवा. टोलेडोच्या टेकडीचा दगड तर कठीण, सहज न कोरला जाणारा. आणि इथेच शेजारच्या गल्लीत असे गवंडी बसले होते जे वीट, ओबडधोबड दगड, जिप्सम आणि लाकूड एवढ्या साध्या मालातून सुंदर इमारत उभी करत. झटपट आणि स्वस्तात. मग काम कुणाला मिळणार?

त्यांची भिंत बांधायची पद्धत आजही टोलेडोत पावलोपावली दिसते. आधी विटांचे एक-दोन थर, त्यावर ओबडधोबड दगडांचा पट्टा चुन्यात बसवायचा, पुन्हा विटांचा थर, पुन्हा दगड. कोपऱ्यांना विटा. वीट भिंतीला समपातळीत ठेवते, दगड जागा भरतो, खर्च निम्म्यावर येतो. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गवंड्याला दाखवलं तर तो लगेच मान डोलावेल. भिंतीच्या वरच्या भागात विटा पुढे-मागे, तिरक्या बसवून कमानींच्या रांगा काढायच्या. घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान, पाकळ्यांची कमान, एकीतून दुसरी निघणारी गुंफलेली कमान. वेगळी नक्षी लावायची गरजच नाही, भिंत स्वतःच नक्षी होते. आतून मात्र जिप्समचा गिलावा ओला असतानाच कोरून वेलबुट्टी आणि अक्षरं, आणि वर लाकडी पट्ट्या गुंफून केलेलं चांदण्यांचं छत.

बाब अल-मर्दूमच्या मशिदीचंच बघा. ११८६ मध्ये ती सेंट जॉनच्या सरदार-पंथाला देण्यात आली आणि तिचं चर्च झालं. चर्चला वेदीसाठी अर्धगोल भाग लागतो, तो मशिदीला नव्हता. म्हणून तो मागून जोडला. पण बाहेरून बघितलं तर जोड पटकन ओळखू येत नाही. तीच वीट, त्याच कमानी. मूसा इब्न अलीच्या कामाला दोनशे वर्षांनी जोड देणारे त्याच परंपरेत हात बसलेले लोक होते. इमारत वाचली ती यामुळेच. जामा मशीद मोठी होती, मोक्याच्या जागी होती, ती गेली. ही लहान होती, उपयोगी पडली, राहिली.

पुढे यादी लांबत जाते. सान रोमान चर्च १२२१ मध्ये आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेस दे रादा याच्या हस्ते पवित्र करण्यात आलं. हाच आर्चबिशप पाच वर्षांनी जामा मशीद पाडून कॅथेड्रल उभारायला निघाला. पण सान रोमानच्या आत काय आहे? लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या नालाकृती कमानी, कुर्तुबाच्या मशिदीची आठवण करून देणाऱ्या. भिंतींवर ख्रिस्ती संतांची चित्रं. आणि खिडक्यांभोवती अरबी अक्षरांची किनार. सांतिआगो देल अराबाल हे चर्च, सांतो तोमेचा मनोरा, सरदारांनी चौदाव्या शतकात बांधवलेली 'पुएर्ता देल सोल' ही वेस, सगळीकडे तोच हात. खुद्द कॅथेड्रलच्या आत, फ्रेंच धर्तीच्या उंच खांबांच्या वर नजर गेली तर एका सज्जात गुंफलेल्या पाकळ्यांच्या कमानी दिसतात. मशीद पाडून बांधलेल्या इमारतीतही त्या आल्याच.

यातली प्रत्येक वीट मुसलमान गवंड्यानेच रचली, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. कारागिरी शिकवली जाते. ती बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या हातात गेली, ख्रिस्ती आणि ज्यू कारागिरांच्या हातात गेली, आणि हळूहळू ती कुणा एका धर्माची न राहता शहराची झाली. पंधराव्या शतकात टोलेडोतली मुस्लिम वस्ती लहानच उरली होती, तरी बांधकाम त्याच पद्धतीने चाललं होतं. आमच्या मते ही त्या कारागिरांची हार नाही.

ज्यूंच्या भिंतीवर अरबी

शहराच्या पश्चिमेला ज्यू मोहल्ला होता. तिथे दोन जुनी सिनेगॉग उभी आहेत. पहिलं, जे पुढे 'सांता मारिया ला ब्लांका' नावाचं चर्च झालं, आतून एखाद्या मघरिबी मशिदीसारखं दिसतं: पाच दालनं, अष्टकोनी विटांचे खांब पांढऱ्या गिलाव्याने झाकलेले, त्यांच्या डोक्यावर जिप्समची देवदार फळांची नक्षी, आणि एकामागून एक नालाकृती कमानींच्या रांगा. ज्यूंनी, ख्रिस्ती राजाच्या राज्यात, मुस्लिम धर्तीवर बांधलेली इमारत.

दुसरं 'एल त्रान्सितो'. राजा पेद्रो पहिला याचा खजिनदार सामुएल हालेवी याने १३५० च्या दशकात बांधवलं. एकच उंच दालन, वर लाकडी छत, आणि भिंतींवर जिप्समची अशी कोरीव वेलबुट्टी की अल-हमराची आठवण यावी. त्या नक्षीत हिब्रू ओळी आहेत, राजाची ख्रिस्ती चिन्हं आहेत, आणि अरबी लिपीतला मजकूरही आहे. अरबी त्या काळी तिथे फक्त मुसलमानांची भाषा नव्हती. ती प्रतिष्ठेची भाषा होती. टोलेडोतले जुने ख्रिस्ती लोक बाराव्या-तेराव्या शतकातही घर-जमिनीची खरेदीखतं अरबीत लिहीत. अशी एक हजाराहून जास्त खतं आजही उपलब्ध आहेत.

सिनेगॉग मशिदीसारखं दिसतं हे ऐकून नवल वाटत असेल तर मुंबईकडे बघा. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राईल समाजात सिनेगॉगला मशीदच म्हणत आले आहेत. सॅम्युअल स्ट्रीटवरच्या त्यांच्या १७९६ च्या सिनेगॉगला 'जुनी मशीद' म्हणतात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. तीन धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते, असं एक गुळगुळीत चित्र पर्यटनाच्या पुस्तकांत रंगवलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. १३९१ मध्ये कॅस्टिलभर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, त्यात टोलेडोही होतं. पहिलं सिनेगॉग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च झालं. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा एल त्रान्सितोही एका सरदार-पंथाकडे गेलं. एकत्र राहणं होतं, देणंघेणं होतं, पण समान हक्क नव्हते, आणि दिलेलं कधीही काढून घेता येत होतं.

गेलेली पुस्तकं, राहिलेले शब्द

टोलेडोचं आणखी एक मोठं काम विटांचं नाही, कागदाचं आहे. बाराव्या शतकात युरोपभरातले विद्वान इथे अरबी पुस्तकांसाठी येऊ लागले. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड (मृत्यू ११८७) एका खगोलग्रंथाच्या शोधात आला आणि आयुष्यभर राहिला. सत्तरहून अधिक ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये नेले: अल-ख्वारिझ्मीचं बीजगणित, इब्न सीनाचा 'कानून', अझ-झहरावीची शस्त्रक्रिया. काम अनेकदा जोडीने चाले. अरबी जाणणारा ज्यू किंवा स्थानिक ख्रिस्ती माणूस वाचत वाचत बोलीभाषेत सांगे, दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवे. या काळातल्या अनुवादांतून एक मजेदार शब्द घडला. भूमितीत आपण शाळेत 'जीवा' शिकतो. अरबांनी तो शब्द 'जीबा' असा घेतला. नुसती व्यंजनं लिहिल्यामुळे पुढच्यांनी तो 'जैब' वाचला, म्हणजे कपड्याची घडी किंवा खिसा. लॅटिनवाल्यांनी 'जैब'चा अर्थ पाहून 'सायनस' केलं. दहावीच्या मुलांना छळणारं 'साइन' ते हेच.

आणि बांधकामाची भाषा? ती आजही स्पॅनिशमध्ये अरबीच आहे. गवंड्याला स्पॅनिशमध्ये 'अल्बान्यिल' म्हणतात, तो अल-बन्ना. बांधकामाचा मुकादम 'अलारीफे', तो अल-अरीफ, म्हणजे जाणकार. कच्ची वीट 'अदोबे', मूळ अत-तूब. पाण्याची टाकी 'अल्खीबे', मूळ अल-जुब्ब. झोपायची खोली 'अल्कोबा', मूळ अल-कुब्बा. चकाकत्या फरशीला 'अथुलेखो', मूळ अझ-झुलैज. हा शेवटचा शब्द पोर्तुगीजांमार्फत गोव्यापर्यंत आला: पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतींवरच्या निळ्या चित्रफरशांना तिथे 'अझुलेजो'च म्हणतात. टोलेडोच्या पूर्वेच्या पुलाचं नाव तर 'पुएंते दे अल्कान्तारा'. अल-कन्तरा म्हणजे पूल. म्हणजे नावाचा अर्थ झाला 'पुलाचा पूल'. राजांची भाषा बदलली, पण बांधकामावरच्या माणसांची बदलली नाही.

शेवट मात्र आलाच. फेब्रुवारी १५०२ मध्ये कॅस्टिलमधल्या मुसलमानांसाठी फर्मान निघालं: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. १०८५ पासून चारशे सतरा वर्षं राजाचे कर भरणारे, राजाची चर्च बांधणारे हे लोक. बाजारपेठेत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, तोर्नेरियास नावाची आणखी एक नऊ चौकोनांची छोटी मशीद होती. ख्रिस्ती राज्यातही पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे नमाज होत असे. ती बंद झाली. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना 'मोरिस्को' हे नवं नाव मिळालं, आणि त्यांच्याकडे संशयाने बघणं काही थांबलं नाही. अरबी पुस्तक घरात सापडणं धोक्याचं झालं.

याच टोलेडोच्या बाजारात सर्वांतेसने आपल्या 'डॉन किहोटे' कादंबरीतला एक प्रसंग घातला आहे. एक मुलगा जुनी कागदपत्रं रेशीमवाल्याला विकायला आणतो, लेखकाला त्यात अरबी लिहिलेली वही दिसते, आणि वाचून दाखवणारा कुणी मोरिस्को मिळतो का ते तो शोधतो. तो लगेच मिळतोही. मजुरी ठरते मनुके आणि गहू, आणि तो दीड महिन्यात सगळं भाषांतर करून देतो. गोष्ट काल्पनिक आहे, पण शहर खरं आहे. पुस्तक छापलं गेलं १६०५ मध्ये. चार वर्षांनी, १६०९ मध्ये, मोरिस्कोंना देशाबाहेर घालवायला सुरुवात झाली.

जायचं असेल तर

आपल्याकडचे बरेच लोक हल्ली युरोपच्या सहलीत माद्रिदला एक-दोन दिवस थांबतात. तिथून टोलेडोला जलद गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो. उतरल्याबरोबर स्टेशनच बघा. १९१९ मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन विटांच्या गुंफलेल्या कमानींचं, फरशांचं आणि लाकडी छताचं आहे. मुदेजर कारागिरांची नक्कल करून मुद्दाम तसं बांधलेलं. तिथून चालत अल्कान्तारा पुलावरून वर चढता येतं. चढ दमवणारा आहे, सोबत म्हातारी माणसं असतील तर वाहन करा. गावात बदाम-साखरेची 'माथापान' नावाची मिठाई प्रसिद्ध आहे.

बाब अल-मर्दूममध्ये तिकीट काढून आत जाता येतं. आता ती ना मशीद आहे ना चर्च, जपलेली वास्तू आहे, त्यामुळे तिथे नमाज होत नाही. घुमट बघून झाले की बाहेर रस्त्याच्या बाजूला या आणि भिंतीच्या वरच्या पट्टीकडे नीट बघा. अक्षरंही विटांचीच असल्यामुळे ती आधी नक्षीच वाटतात. थोडा वेळ उभं राहिलं की कूफी ओळ सुटी होत जाते.